मराठ्यांचे गलबत : एक प्रतिकृती आणि तिचा इतिहास

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘आपल्या ज्ञातीचे लाकूडकाम’ या विषयावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली. विषय मोठा, आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे घोकवून घेण्यात गेलेला. तेव्हा रथापासून रहाटापर्यंतचा सगळा इतिहास सांगण्याचे धाडस आम्ही करीत नाही. निवृत्तीनंतर शिडाच्या जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करण्याचा जो छंद आम्हांस जडला, त्या छंदापायी जेवढा इतिहास हाताखालून गेला, तेवढाच येथे सांगतो. त्यात आमच्या एका जुन्या चुकीची कबुलीही आहे, व ती अगोदर दिलेली बरी.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही वरच्या वर्गातील मुलांकडून एक ‘शिवकालीन गुराब’ करवून घेतली. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून सागवानाची फळकुटे आणली, बोहरी आळीतून बारीक चुका आणल्या, आणि दीड महिना मुले शाळा सुटल्यावर घासत व ठोकत बसली. तीन उंच डोलकाठ्या, प्रत्येकीवर चौकोनी शिडांचे तीन तीन थर, पोट खोल, मागचा भाग वाड्यासारखा उंच, आणि सर्वांत वर भगवे निशाण. जहाज मोठे देखणे झाले. पहिले बक्षीसही मिळाले. पुढे आपल्या ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात ते मांडले असता दाभोळकडचे एक वृद्ध कारागीर, ज्यांनी तरुणपणी मचवे बांधले होते, बराच वेळ त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, “गुरुजी, निशाण आपले आहे, पण हाड परक्याचे आहे. हे खाडीत शिरणार कसे? भरतीची वाट बघत बाहेरच उभे राहील.”

आम्हांस त्या वेळी राग आला. बक्षीस मिळालेल्या कामास कोणी नाव ठेवलेले गुरुजींना सहसा आवडत नाही. परंतु खरे ते खरेच. आम्ही ते जहाज एका पुस्तकातील कोलंबसाच्या जहाजाचे चित्र समोर ठेवून काढले होते आणि निशाण तेवढे बदलले होते. चाळीस मुलांना आम्ही इतिहास म्हणून जे शिकविले, तो इतिहास नव्हता. ही गोष्ट मुलांना सांगण्याचे धैर्य मात्र आम्हांस त्या वर्षी झाले नाही, व पुढेही झाले नाही.

बिबवेवाडीत राहून समुद्राची उठाठेव कशाला, असे शेजारी विनोदाने विचारतात. आमच्या गच्चीवरून पर्वती दिसते, समुद्र दिसत नाही. पाणी पाहावयाचे तर कात्रजच्या तळ्यावर जावे. पण ते तळे आणि तेथून शनिवारवाड्याकडे आणलेले पाणी ज्या नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीतले, १७५० च्या सुमाराचे, त्याच नानासाहेबांच्या संमतीने १७५६ साली आंग्र्यांचे आरमार जळाले. ह्या शहराचा आणि त्या समुद्राचा एवढा संबंध पुरे आहे. तो अभिमानाचा नाही, पण विसरण्यासारखाही नाही.

ती हकिकत थोडक्यात अशी. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. त्यांच्या मुलांत वाटण्या झाल्या आणि विजयदुर्गाचा भाग अखेर तुळाजीकडे गेला. तुळाजीचे व पेशव्यांचे बिनसले. पेशव्यांनी इंग्रजांशी संधान बांधले. १७५६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आपला काफिला घेऊन विजयदुर्गासमोर आला. बरोबरच्या फौजेवर रॉबर्ट क्लाईव्ह होता. तुळाजीची जहाजे किल्ल्याच्या आश्रयास एकमेकांस बिलगून नांगरलेली होती. इंग्रजांच्या तोफेचा एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मूळचे इंग्रजांचेच, तुळाजीने पूर्वी पकडून आणलेले. त्याने पेट घेतला, शेजारच्याने घेतला, आणि पाहता पाहता सबंध आरमार आगीत गेले. पेशव्यांचे स्वतःचे आरमार त्यानंतरही धुळपांच्या हाताखाली होते, आणि १७८३ साली आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडून दाखविले, हेही सांगितले पाहिजे. तथापि १८१८ नंतर तेही संपले.

आमच्यासारख्या प्रतिकृती करणाराची अडचण येथूनच सुरू होते. ज्या जहाजांनी दीडशे वर्षे कोकणचा किनारा राखला, त्यांपैकी एकही आज उभे नाही. वाघोटन खाडीत गिर्ये येथे आंग्रेकालीन गोदी खडकात कोरलेली आहे, सुमारे साडेतीनशे फूट लांब. जहाजांची जागा राहिली, जहाजे गेली. आणि ज्या हातांनी ती बांधली त्यांनी कागदावर आराखडा काढून ठेवण्याची रीतच नव्हती. माप डोळ्यांत आणि वाकसाच्या धारेत.

याच्या उलट मुंबईच्या गोदीचे पाहा. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शंभरांहून अधिक वर्षे जहाजे बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेली त्यांची ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी फ्रिगेट आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. तिची एक गोष्ट प्रतिकृती करणाऱ्यांना विशेष आवडते. तिचे आराखडे विलायतेहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून निघाले. ते जहाज १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी लढाईत नष्ट केले आणि आराखडेही त्याबरोबर गेले. नवे काढून पाठवावे लागले. म्हणजे पहा, इंग्रजाचा कागद बुडाला तर दुसरा कागद निघाला. आमच्या गलबताचा कागद मुळात नव्हताच. ते जळाले तेव्हा त्याबरोबर त्याची विद्याही गेली.

मग गलबत कसे होते हे कळावे कशावरून? पुरावे विखुरलेले आहेत, पण आहेत. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आहे. बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे. ती शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यामधील, १२६५ च्या सुमाराची, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. हे सर्व फार जुने. मराठ्यांच्या जहाजांबद्दल मात्र उत्तम वर्णन मिळते ते शत्रूच्या लेखणीतून. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचा हिंदुस्थानातील लढायांवरील ग्रंथ १७६३ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यात त्याने गुराब आणि गलबत यांचे वर्णन दिले आहे, ते सुताराच्या उपयोगी पडेल इतके नेमके आहे.

त्याच्या सांगण्याचा आशय असा की, गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित तीन. दोन डोलकाठ्यांची दीडशे टनांपर्यंत, तीनची तीनशे टनांच्या आसपास. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, आणि पाण्यात बुडणारा भाग अगदी थोडा. मध्यापासून ती पुढे निमुळती होत जाई आणि टोकाला नाळ चोचीसारखी लांब बाहेर आलेली असे. पुढच्या आडव्या भिंतीला भोके पाडून त्यांतून दोन मोठ्या तोफा नाळेवरून थेट समोर डागीत. गलबत हे याच घडणीचे, पण लहान. मोठ्यांत मोठे सत्तर टनांचे. त्याला दोन डोलकाठ्या, पैकी मागची नावापुरती. पुढच्या डोलकाठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड, ज्याचे टोक डोलकाठीच्याही वर जाई. वजन हलके राहावे म्हणून वरची पाटणी चिरलेल्या बांबूंची. आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी तासाला चार मैल चालणारे.

हे वाचताना दाभोळच्या त्या वृद्धांचे शब्द आम्हांस पुन्हा ऐकू आले. उथळ पोट, लांब नाळ, तिरके शीड. आमच्या बक्षीसपात्र जहाजात यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

आणि उथळ पोट ही काही शोभेची बाब नव्हे, साऱ्या आरमाराचे मर्म त्यात होते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला तेव्हा इंग्रजांनी मोठी जहाजे आणून बेटाभोवती पहारा बसविला. मराठ्यांची लहान गलबते रात्री वल्ही मारीत, मोठ्या जहाजांना जेथे तळ लागेल अशा पाण्यातून, बेटावर माणसे व सामान पोचवीत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत ‘रिव्हेंज’ या इंग्रज जहाजाने मराठ्यांची काही गलबते बुडविली, हे खरे. पण इंग्रजांचे ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागले आणि किल्ला अखेर उभा राहिला तो राहिलाच. आमच्या जहाजासारखे खोल पोटाचे जहाज तेथे असते तर पहाटेस इंग्रजांच्या तोफेपुढे गाळात रुतून बसलेले सापडले असते.

आज्ञापत्रातही, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या १७१६ च्या सुमाराच्या राजनीतीच्या ग्रंथात, आरमारावर एक प्रकरण आहे. गुराबा व गलबते फार मोठी करू नयेत, फार लहानही करू नयेत, मध्यम असावीत, आणि वाऱ्यावाचून ज्यांचे चालत नाही अशा शिबाडांच्या भरीस पडू नये, असा त्यात उपदेश आहे. त्याच ग्रंथात लाकडाविषयी जे लिहिले आहे ते आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक घरी ठाऊक असावे. सागवान आदी लाकूड परवानगीने राज्यातील रानातून तोडावे, कमी पडेल ते परमुलुखातून विकत आणावे. परंतु आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झालेले असेल तर धन्यास राजी करून, मोबदला देऊन न्यावे. पुष्कळ व्याख्याते हा मजकूर शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून सांगतात. धोरण महाराजांच्या काळापासूनचे असेलही. मजकूर मात्र आज्ञापत्रातला आहे.

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळतो. हा लेख लिहीत आहोत असे कळल्यावर एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हांस आग्रहाने सुचविले की, ‘आंग्र्यांच्या गोदीतील मुख्य कारागीर आपल्याच ज्ञातीचे होते’ असे ठासून लिहावे. त्यांचा हेतू चांगला आहे. पण आमच्या वाचनात असा एकही कागद आला नाही. सरदारांची नावे आहेत, आरमाराचे अधिकारी दौलतखान व मायनाक भंडारी यांची नावे आहेत. सुताराचे नाव नाही. गंमत अशी की, महाराजांच्या आरमाराच्या आरंभी ज्या जहाज बांधणाऱ्याचे नाव कागदात राहिले, तो पोर्तुगीज आहे! १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांकडे आली आणि १६५९ च्या सुमारास तेथे लढाऊ जहाजे बांधण्याचे काम सुरू झाले. त्यावर रुई लैतांव व्हियेगस हा कारागीर आपल्या मुलासह व तीनशेंहून अधिक माणसांसह होता. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांस आतून कळविले आणि ही सर्व मंडळी एके दिवशी काम टाकून निघून गेली.

येथे आम्ही थोडा वेळ थांबतो. तीनशे माणसे निघून गेली, आणि तरीही १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज बसरूरच्या स्वारीस निघाले तेव्हा बरोबर ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे होती. ही जहाजे कोणी बांधली? कल्याणच्या, पनवेलच्या, मालवणच्या कोणा सुतारांनी. ते आपले पूर्वज होते, की दुसऱ्या कोणाचे, हे कागद सांगत नाही. आणि जे कागद सांगत नाही ते स्मरणिकेत छापल्याने खरे होत नाही. एकदा आम्ही खोट्या जहाजावर खरे निशाण लावले आहे. पुन्हा तसे करण्याची इच्छा नाही. सदर सभासदांची याबद्दल क्षमा मागतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गलबत करावयास घेतले. गुराब न घेता गलबत घेतले, कारण त्याचे वर्णन अधिक पुरते आहे. प्रमाण ठरविले बहात्तरास एक; म्हणजे सहा फुटांचा खलाशी एक इंचाचा होतो, व हिशेब सोपा जातो. लांबी किती धरावी? ऑर्मने टन दिले, लांबी दिली नाही. आम्ही आपले साठ फूट धरले. प्रतिकृती झाली दहा इंचांची. तळाचा कणा कापला, फासळ्या कापल्या, त्यांवर विनियरच्या पट्ट्या गरम पाण्यात भिजवून, तापल्या लोखंडावर वाकवून चढविल्या. सांगाडा उभा राहिला. मोठ्या समाधानाने तो आम्ही आमच्या नातीस दाखविला. तिने वीस खलाशी कागदातून कापून आणले आणि एका कडेला मांडू लागली. “आजोबा, ही माणसे बसणार कुठे?” तिने विचारले.

आम्ही पट्टी घेतली. चाळीस वल्ही म्हणजे एका अंगास वीस. वल्हे मारणाऱ्यास पाठीमागे कलावयास जागा हवी. दोघांमध्ये तीन फूट तरी पाहिजेत, प्रतिकृतीत अर्धा इंच. वीस जणांस दहा इंच. म्हणजे नाळेच्या टोकापासून सुकाणूपर्यंत सगळी माणसेच! लांब नाळ कोठे, मागची डोलकाठी कोठे, सुकाण्या उभा कोठे राहणार? साठ फूट खोटे ठरले. पुढचा व मागचा भाग धरून हिशेब केला तेव्हा चौऱ्याऐंशी फूट आले, म्हणजे चौदा इंच. दोन महिन्यांचे काम आम्ही मोडले. पुस्तक वाचताना ‘चाळीस-पन्नास वल्ही’ हे शब्द आम्ही दहा वेळा वाचले असतील. तो आकडा माणसांचा आहे आणि माणसांस बसावयास जागा लागते, हे कळावयास कागदाचे खलाशी लागले.

अशा रीतीने शिकणारे आम्ही एकटेच नव्हे. भारतीय नौदलाने अजिंठ्याच्या चित्रावरून पाचव्या शतकातील पद्धतीचे जहाज बांधविले, त्याचे नाव ‘कौंडिण्य’. त्याचाही आराखडा कोठे नव्हता. गोव्याच्या रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात, केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवल्या. पाण्यात ते कसे वागेल हे पाहण्यासाठी मद्रासच्या आयआयटीत त्याच्या प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. नौदलास प्रतिकृतीवाचून पुढे जाता आले नाही, हे वाचून आम्हांस मनातून बरे वाटले, हे कबूल करतो.

सामानाविषयी दोन शब्द, कारण पुष्कळ मुले विचारतात. सागवानाचा हट्ट धरू नये. खरे जहाज सागवानी असले तरी बहात्तराव्या हिश्शात सागाचा रेषा फार जाड दिसतो. शिवणीचे लाकूड बरे. आमच्या गलबताची बांबूची पाटणी खराट्याच्या हिरांची आहे. शिडास मांजरपाट चालत नाही, जुनी मलमल चहाच्या पाण्यात बुडवून घ्यावी. ज्या लांब काठीला शीड बांधतात ती परबाण अखंड न घेता दोन तुकडे एकमेकांवर चढवून दोऱ्याने आवळावी. कोकणात तशीच करतात. आणि पोटात नीरम घालावयास विसरू नये. आम्ही विसरलो होतो. सोसायटीच्या हौदात गलबताने सर्वांसमक्ष कूस बदलली. शिशाचे चार छर्रे तळाशी बसविल्यावर सरळ उभे राहिले.

कामास हत्यारे फारशी लागत नाहीत. वडिलांचे वाकस मात्र आम्ही नाळ तासावयास काढले. ते वीस वर्षे खुंटीस होते. आपल्या ज्ञातीत हल्ली अभियंते पुष्कळ झाले, फर्निचरचे मोठे ठेकेदार झाले, याचा आनंदच आहे. परंतु प्लायवूड आल्यापासून फळी हाती घेतली की तिचा रेषा कोणीकडे धावतो हे पाहण्याची नजर घरोघर गेली. वाकसाचा पहिला घाव आमचाही चुकला. लाकूड फुकट गेले.

गतवर्षी आम्ही त्या जुन्या जहाजाचा शोध घेतला. ते आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी, येथेच बिबवेवाडीत, काचेच्या कपाटात होते. आता तोही दोन मुलांचा बाप आहे. त्याला सर्व हकिकत सांगितली, चूक आमची होती हेही सांगितले, आणि ते जहाज परत द्यावे, आम्ही मोडून टाकतो, असे म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, पट्टी बदला, जहाज नका मोडू. त्याच्या खालच्या फळ्या मी घासल्या आहेत.”

पट्टी बदलली. तीवर आता ‘युरोपीय पद्धतीचे जहाज, शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेले’ एवढेच आहे. गलबताच्या पट्टीवर वर्णन कोणत्या ग्रंथावरून घेतले ते लिहिले आहे, आणि लांबीच्या आकड्यापुढे ‘अंदाजे’ हा शब्द आहे. दोन्ही येत्या मेळाव्यात शेजारी शेजारी मांडावयाचा विचार आहे. उजव्या अंगाची अकरा वल्ही अजून व्हावयाची आहेत. नातीची परीक्षा आटोपली की ती हाती घेऊ.